वासंतीच्या नावाच्या नऊ बाटल्या

संपादकांचं पत्र आलं. "आपल्या व्यवसायातील काही गोड आठवणी दिवाळी अंकासाठी लिहून पाठवाव्यात." मी उभा जन्म लोकांची लघवी तपासण्यात घालवला. लघवीत गोड म्हणून जे काही सापडतं त्याला मधुमेह म्हणतात. एवढं ज्यांना ठाऊक नाही, ते अंक काढतात! बरं, काढा. मी जे आठवतंय ते लिहितो. गोड लागलं नाही तर पान फाडून टाका, माझं काही बिघडत नाही.

मालवणच्या बाजारात एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझी लॅब होती. लॅब म्हणजे एक टेबल, खिडकीपाशी ठेवलेला एक मायक्रोस्कोप, स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, आणि रक्त-लघवीतला गाळ खाली बसवण्यासाठी हातानं गरागरा फिरवायचं एक यंत्र. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात काही वर्षं काम करून मी सन साठच्या आगेमागे गावी परत आलो. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग हे नाव फक्त समुद्रातल्या किल्ल्याचं होतं.

बाजारात मला मूत-मास्तर म्हणत. तोंडावर भाऊ, पाठ वळली की मूत-मास्तर. आमच्या सोयरेमंडळींना माझ्या धंद्याची इतकी लाज वाटे की लग्नकार्यात ते माझी ओळख "औषधाच्या लायनीत आसत" अशी करून देत. हीच मंडळी पाय सुजले की मागच्या दारानं धोतराच्या सोग्याखाली बाटली लपवून यायची. बाटल्या तरी कसल्या! अत्तराच्या, ब्रँडीच्या, खोबरेल तेलाच्या. एक सावकार मधाच्या बाटलीत घेऊन आला. बाटली विसळली होती, पण मध तो मध. साखर एवढी निघाली की मी त्याला म्हटलं, "तुमची लघवी मुंग्यांना घाला, पुण्य लागेल." तो चिडून गेला आणि वैद्याकडे जाऊन सहा महिने कडू काढे पीत बसला. मधाचं मी सांगेपर्यंत थांबला असता तर काढे वाचले असते. पण मूर्ख माणसाला घाई फार असते, आणि खरं सांगायचं तर त्याला हाक मारून थांबवावं असं मलाही वाटलं नाही.

माझा स्वभाव तेव्हा असा होता. आताही फारसा सुधारलेला नाही.

लघवी तपासणं म्हणजे काय, ते ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आता यंत्रात पट्टी घातली की आकडे बाहेर येतात आणि आकडे वाचणाऱ्या पोरांना वाटतं आपण शिकलेले आहोत. आम्ही काचनळीत लघवी घ्यायचो, नळी तिरकी धरून वरचा भाग दिव्यावर तापवायचो आणि ॲसिटिक आम्लाचा थेंब टाकायचो. निरोगी माणसाची लघवी उकळली तरी स्वच्छ राहते. मूत्रपिंड बिघडलं असेल तर रक्तातलं अल्ब्युमिन लघवीत उतरतं आणि तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं. किती गोठलं ते बघून मी कागदावर एक, दोन, तीन किंवा चार अधिक अशी चिन्हं टाकायचो. दुसऱ्या नळीत निळं औषध घालून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर आहे, विटेसारखं लाल झालं तर भरपूर आहे. मग गाळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहायचा. एवढंच. पण हे एवढंसुद्धा आसपासच्या निम्म्या डॉक्टरांना करायचं नसे. नाडी धरली, जीभ बघितली, सुई टोचली, झालं.

वासंती आली ती भाद्रपद संपता संपता, चवथीचे गणपती जाऊन काही दिवस झाल्यावर. वय बावीस-तेवीस. खाडीपलीकडच्या एका गावातली. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. तिला घेऊन आला होता तिचा सासरा. त्याला सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. उंच, काटकुळा म्हातारा, कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडी. दवाखान्याच्या पायरीवर चपला काढून हात जोडून उभा राहिला.

"डॉक्टर, सुनेच्या अंगार सूज इलीहा. आमच्यान काय होयत नाय."

तिच्या गालांवर आणि नाकावर लालसर चट्टा होता, दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला. सांधे दुखत होते, बारीक ताप होता, केस मूठमूठ गळत होते आणि पाय सुजून तुकतुकीत झाले होते. आमच्याकडे येईपर्यंत तिनं तीन दारं पालथी घातली होती. एकानं चट्टा बघून महारोग म्हटलं. त्या एका शब्दानं तिचं ताट-वाटी वेगळं झालं होतं. दुसऱ्यानं संधिवात म्हटलं. तिसऱ्यानं बाधा काढायला कोंबडा मागितला आणि खाल्ला. त्या तिघांत कोंबडा खाणाराच बरा म्हणायचा, त्यानं निदान तिला वाळीत तरी टाकली नव्हती.

मी तिला बाटली दिली तेव्हा ती हसली. "भाऊ, तोंड सगळे बघतत. पाय कोणी बघूक नाय. आणि तुमका आता मूत होयां? त्यात काय सोनां आसा?"

"सोनं असतं तर मी इथं बसलो असतो का?" मी म्हटलं.

लघवी नळीत ओतली तेव्हाच फेस आला. तापवली तर नळीभर पांढरं. चार अधिक. गाळात रक्तपेशी, आणि त्या पेशींचे लांबुळके साचे. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत रक्त गोठून त्या नळ्यांच्या आकारात बाहेर येतं, त्याला साचे म्हणतात. साचे दिसले की समजायचं, जखम आतच आहे.

आमचे डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडदाह. मीठ बंद, अंथरुणात पडून राहू दे." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चेहऱ्यावरचा चट्टा, सांधे, केस, ताप, या सगळ्याचं काय? त्यांनी ते सगळं बाजूला सारलं, जसं जेवताना काटे बाजूला काढतात.

मुंबईत मी एक गोष्ट शिकलो होतो. ल्यूपस नावाचा एक रोग आहे. आपल्या शरीराची स्वतःची राखण असते, बाहेरचे जंतू आले की त्यांच्यावर तुटून पडणारी. ल्यूपसमध्ये ती राखण पिसाळते आणि घरच्यांनाच चावत सुटते. कातडी, सांधे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूत्रपिंड. तो ओळखायला तेव्हा एकच परीक्षा होती. रक्त काढायचं, गोठू द्यायचं, दोनेक तास कोमट ठेवायचं, गुठळी जाळीतून चिरडून गाळायची, यंत्रात फिरवून पांढऱ्या पेशींचा थर काढायचा, काचेवर पसरून रंगवायचा आणि मग डोळे फुटेस्तोवर शोधायचं. रोग असेल तर एखादी पांढरी पेशी दुसऱ्या पेशीचं केंद्र गिळून बसलेली दिसते. पोटात जांभळा गोळा, आणि तिचं स्वतःचं केंद्र कडेला ढकललेलं. तिला एल. ई. पेशी म्हणतात.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही लघवी तापवा, भाऊ. निदान माझ्यावर सोडा."

मी सोडलं नाही. जाळी नव्हती, म्हणून घरची चहाची गाळणी आणली. बायकोनं ती परत घरात घेतली नाही आणि पुढे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. रक्ताची नळी कोमट पाण्याच्या डब्यात ठेवून मी दोन तास बोट घालून घालून पाण्याची ऊब बघत बसलो. मग काच लावली. सकाळचं ऊन आरशावर घेऊन बघायला लागलो ते ऊन खिडकीतून निघून जाईपर्यंत. पहिल्या दिवशी काही नाही. वासंतीला मी पुन्हा रक्त मागितलं. "आणि किती काढतलास, भाऊ? माझ्या अंगात तरी ठेवा थोडां," ती म्हणाली, पण हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशी सापडली. एक, मग दुसरी, मग तिसरी.

मी डॉक्टरांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. उठले तेव्हा "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पालखीत बसवून मिरवल्यासारखंच. त्यांनी मुंबईला आपल्या गुरूंना पत्र लिहिलं. उत्तर आलं: प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, मोठ्या मात्रेत, मीठ बंद, उन्हात अजिबात जायचं नाही, आणि दर आठवड्याला लघवी तपासून अल्ब्युमिन किती ते बघत मात्रा ठरवायची. घाईनं कमी करायची नाही. गोळ्या नवऱ्याच्या ओळखीनं मुंबईहून येत राहिल्या.

उन्हाचं सांगितलं तेव्हा आबा म्हणाला, "शेतकऱ्याच्या सुनेक ऊन नाय म्हणजे?" मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, सून पाहिजे की भात पाहिजे ते ठरव. त्यानं मान खाली घातली. मग मी बाटली हातात देऊन बजावलं, "दर सोमवारी सकाळची लघवी ह्यात आणायची. एक सोमवार चुकला तर बघ. रिकाम्या हातानं आलास तर पायरी चढू देणार नाही." बाटलीवर मीच चिठ्ठी चिकटवली होती आणि झोकात तिचं नाव लिहिलं होतं.

आबा एक सोमवार चुकला नाही. तरीच्या होडीतून खाडी ओलांडून, दोन कोस चालून, दहाच्या आत दारात. बाटली द्यायचा, माझा रिपोर्टाचा कागद पंच्याच्या कनवटीला लावायचा आणि जायचा. पहिल्याच बाटलीत अल्ब्युमिन नाही! मी दोनदा तापवलं. थेंब टाकला. स्वच्छ, पावसाच्या पाण्यासारखं. गाळात रक्त नाही, साचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तेच. आबा म्हणाला, सूज उतरली, ताप गेला, जेवते. मी काय वर्णन करू माझ्या अंगात काय शिरलं ते! ज्या डॉक्टरांना दिसलं नाही ते मला दिसलं होतं, चहाच्या गाळणीतून. बाजारात मी ज्याला त्याला थांबवून सांगायचो. न्हाव्याला सांगितलं. पोस्टमास्तरला सांगितलं. मासे घेताना कोळणीला सांगितलं, ती म्हणाली, "भाऊ, मूत मागसून, आधी बांगडे घेवा."

एक गोष्ट मात्र नवी दिसत होती. निळ्या औषधाची नळी हिरवट-पिवळी व्हायला लागली होती. साखर. आणि इथं मी माझं ज्ञान पाजळलं. प्रेडनिसोलोननं काही जणांच्या लघवीत साखर येते, हे मी मुंबईत ऐकलं होतं. मी छाती फुगवून डॉक्टरांना म्हटलं, "बघा, औषध चढलंय. अल्ब्युमिन गेलं, साखर आली. आता मात्रा कमी करायला हवी." डॉक्टर म्हणाले, "बरोबर." त्यांनी वासंतीला बोलावलं नाही, ते तिच्या गावी गेले नाहीत. त्यांनी माझ्या कागदावर औषध दिलं. चौथ्या आठवड्यात मात्रा निम्मी झाली. सहाव्यात पाव. वर मुंबईच्या गुरूंना पत्र गेलं की, आपल्या कृपेनं रोगी बरा. पत्रात माझं नाव नव्हतं. त्याचा मला राग आला होता, हे आज लिहिताना माझीच मला किळस येते.

नऊ सोमवार, नऊ बाटल्या, नऊ कागद, प्रत्येकावर माझी सही.

दहाव्या सोमवारी बाटली आली नाही. वासंती आली. चौघांनी खुर्चीत बसवून खाडीच्या काठापासून आणली होती. मी ओळखलं नाही. डोळे सुजून चिरांसारखे झालेले, पोट फुगलेलं, श्वास लागलेला. चेहऱ्यावरचा चट्टा भाजल्यासारखा. तिथंच तिच्याकडून लघवी घेतली. वाटीभरसुद्धा निघाली नाही, चहाच्या रंगाची. तापवली तर नळीत खरवस झाला. नळी उलटी केली तरी थेंब पडेना. निळी नळी निळीच राहिली. साखर औषधालासुद्धा नाही.

मी त्या निळ्या नळीकडे बघत बसलो. गोळ्या अजून चालू होत्या, थोड्या का होईना. सात दिवसांपूर्वी साखर होती. सात दिवसांपूर्वी अल्ब्युमिन नव्हतं. मग मी बाहेर आलो.

"आबा, तुम्ही आणत होतात त्या बाटलीत काय असायचं?"

"मूत."

"कोणाचं?"

"माझां," आबा म्हणाला. तुमचं घर कुठलं, असं विचारल्यावर सांगावं तितक्या सरळपणे.

मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. दवाखान्यातले सगळे पेशंट उठून उभे राहिले. गाढव म्हटलं, खुनी म्हटलं, त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो खाली मान घालून ऐकत होता. मी दमलो तेव्हा बोलला.

"तरयेच्या वाटेर देवचाराची जागा आसा, भाऊ. त्या खडकाकडे तारी नारळ ठेवल्याबिगर होडी पुढे काढणा नाय. थंयसून बाईमाणसाचां मूत कसां न्हेवचां? होडयेत धा-वीस माणसां आसतत. खाडी माणसां गिळता. म्हणान मी आमच्या काठार ओततंय, बाटली चार पाण्यान धुतंय, आणि हंय इल्यार दगडाच्या गडग्यामागे जावन भरतंय."

"मग रिकामी बाटली घेऊन यायचं! मला सांगायचं!"

"तुमी म्हटलास, रिकाम्या हातान इलंस तर पायरी चढूक दिवचंय नाय. तुमी वसकन अंगार येतास, भाऊ. तुमका सांगूक भियां वाटता."



"आणि माका वाटलां," आबा पुढे म्हणाला, "एकाच घराचां पाणी पितंव, एकाच चुलीवरचां जेवतंव. माझां काय, तिचां काय. तुमी कधी इचारलास नाय, कोणाचां म्हणान."

ह्या म्हाताऱ्याला हसू नका. मी हसणाऱ्यांपैकी होतो, म्हणून सांगतो. देवचार म्हणजे आमच्याकडे जागेचा राखणदार. त्याची जागा बाटवली तर होडी उलटते, हे आबाला तितकंच खरं होतं जितकं मला अल्ब्युमिन. त्यानं होडीतल्या माणसांचा जीव बघितला. मला मात्र सगळी साधनं असून एक साधा प्रश्न सुचला नाही. नळीभर गोठणारी लघवी आठवड्यात पावसाच्या पाण्यासारखी होत नाही. ल्यूपसनं झोडपलेलं मूत्रपिंड असं एका रात्रीत शहाणं होत नाही, हे मला शिकवलेलं होतं. कुणा दुसऱ्यानं असा कागद दाखवला असता तर मी त्याची चामडी लोळवली असती. पण कागद माझा होता आणि मला तो खरा हवा होता.

आतल्या खाटेवर वासंतीनं हे सगळं ऐकलं होतं. मी आत गेलो तर ती सासऱ्याला काही बोलली नाही. मला म्हणाली, "भाऊ, मी दर सोमवारी सकाळी उठान ती बाटली भरून दितंय. सांजेक इचारतंय, काय म्हणालो मास्तर? आबा सांगत, रिपोर्ट बरो आसा. अंग दुखता, सूज येता, म्हटलां माझांच मन खोटां."

मग थांबून थांबून उरलेलं सांगितलं. पाचव्या-सहाव्या कागदानंतर सासूनं तिला उठवलं. सासूला वाचता येत नव्हतं, पण माझी सही तिला ओळखू यायची. "रिपोर्ट बरो आसा, मगे निजान कित्याक ऱ्हवलंस? खळ्यात चल." दिवाळीचे दिवस, भात कापून आलेलं. खळ्यातल्या उन्हात ती दोन आठवडे भात झोडत होती, वाळवत होती, वारवत होती. ज्या उन्हात तिनं उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नव्हता त्या उन्हात. तिला त्या खळ्यात सासूनं घातलं असं म्हणायची सोय आहे. घातलं माझ्या सहीनं.

डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा पुन्हा वर नेली. लघवी वाढवायची सुई दिली. रक्तातला युरिया, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, मी रोज मोजत होतो. तीन आठवडे ती आमच्याकडेच खाटेवर होती. सूज अर्धी उतरली, श्वास सुधारला. त्या गडबडीत मी आबाचंही रक्त तपासलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. म्हाताऱ्याला मधुमेह होता आणि तो सुनेच्या नावाच्या बाटलीतून उघडकीला आला. त्याला गोळ्या सुरू झाल्या, गूळ बंद झाला. त्याचे पाय बधिर व्हायचे ते थांबलं.

वासंती घरी गेली. या खेपेला बाटली आणायला दर रविवारी मी स्वतः जायचं ठरवलं. पहिल्या रविवारी आबा मला पोचवायला काठापर्यंत आला आणि माझ्याबरोबर होडीत चढला. बाटली माझ्या पिशवीत होती. होडीत दहा-बारा माणसं. देवचाराच्या खडकापाशी तारयानं होडी थांबवली, तसा आबा उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता बाटली खाडीत जाणार. मी पिशवी पोटाशी धरली.

आबानं नारळ हातात घेऊन डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं, मोठ्यानं, होडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बा देवचारा, ह्या खाडयेच्या राखणदारा, आज ह्या होडयेतसून माझ्या सुनेचां मूत जाता हा. चोरून नाय, तुका सांगान न्हेतंव. तिच्या जिवासाठी न्हेतंव. काय विटाळ झालो तर तो माझ्या माथ्यार घाल, ह्या लेकरांच्या नको, तिच्या नको. तिका बरी कर रे म्हाराजा!"

होडीतली माणसं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. मग तारी म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि सगळे म्हणाले. मी असल्या गोष्टींची आयुष्यभर टवाळी केलेला माणूस. मीही म्हणालो. एवढं सोपं होतं ते. मी पहिल्या दिवशी नीट विचारलं असतं, तर हा म्हातारा पहिल्याच सोमवारी असा उभा राहिला असता.

त्यानंतर आबाच बाटली आणायचा, वासंतीचीच, दर खेपेला तेच गाऱ्हाणं घालून. नळीतलं पांढरं कमी होत गेलं. चार अधिकवरून तीन, मग दोन. दोनाच्या खाली उतरेना. डॉक्टर आता दर महिन्याला तिच्या गावी जात. युरिया हळूहळू चढत होता. आग विझवता येते, पण जळलेली जागा परत उगवत नाही. मूत्रपिंडाचा जेवढा भाग त्या नऊ आठवड्यांत व्रण होऊन गेला होता, तेवढा गेलाच. तेव्हा मशीनवर रक्त शुद्ध करणं वगैरे आमच्या बाजूला कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. फाल्गुनात नवरा रजेवर आला, दोन महिने तिच्याजवळ राहून पुन्हा बोटीवर गेला. पुढल्या वर्षी चवथीच्या आधी, गणपतीवरची माटवी बांधायच्या दिवसांत, वासंती गेली. शेवटचे काही दिवस तिला कुणी ओळखू येत नव्हतं.

आमचे डॉक्टर म्हणाले, "ल्यूपस हा असाच. आज ना उद्या गेलीच असती." असतीलही बरोबर. मी त्यांना त्याच्यावर "हं" म्हणालो.

तिचं तेरावं झाल्यावर आबा आला. त्याचा महिन्याचा साखरेचा दिवस होता. बाकावर बसला, बाटली शेजारी ठेवली. मी कामात असल्याचं दाखवत राहिलो.

"भाऊ," तो म्हणाला, "एक इचारूचां होतां. तिची गोळी कमी केलास ती कित्याक?"

"अल्ब्युमिन दिसत नव्हतं म्हणून."

"आणि साखर दिसली म्हणान. डॉक्टर त्या दिवशी बोलत होते, मी आयकलंय. ती साखर माझी मां?"

आयुष्यात मी माणसांना तोंडावर मूर्ख म्हणत आलो. कुणाची भीड ठेवली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं. "नाही आबा, तसं काही नाही," हे शब्द ओठावर आले होते. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला माझ्याकडून आधीच नऊ खोटे कागद मिळालेले होते.

"साखर तुमची," मी म्हटलं. "अक्कल माझी. औषधानं साखर आली, हे मीच डॉक्टरांना सांगितलं."

आबानं मान हलवली. पंच्याच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"म्हणजे आपण दोघांनी मिळान मारलंव तिका."

दाराशी दोन माणसं बाटल्या घेऊन उभी होती. त्यांनी ऐकलं.

"होय, आबा," मी म्हटलं.

मग त्यानं बाटली माझ्याकडे सरकवली आणि मी ती तपासायला घेतली.